घोडा बघतोय

बोटाचं टोक पडद्यापासून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं वर थांबलं होतं.

बोट जाडसर होतं, नखाच्या कडेला मैदा बसलेला, आणि ते अजिबात हलत नव्हतं. फोन काउंटरवर आडवा ठेवलेला होता, वजनकाट्याच्या बाजूला, आणि त्यावर बुद्धिबळाचा डाव चालू होता. काउंटरच्या या बाजूने तिला तो उलटा दिसत होता. उलटे डाव वाचायची तिला सवय होती. काळ्याचा उंट दोन घरं तिरका गेला की पांढऱ्याचा खेळ संपलाच. बेकरीवाल्याची नजरही त्या उंटावरच होती. त्याने श्वास आत घेतला, बोट खाली आलं… आणि उंटाशेजारचा घोडा उजळला.

"अरे देवा," तो पुटपुटला.

आता तो घोडा सोडून देईल आणि उंट उचलेल, असं तिला वाटलं. कुणीही तेच केलं असतं. पण त्याने बोट उचललंच नाही. क्षणभर त्या घोड्याकडे बघितलं, आणि घोड्याला जाता येण्यासारख्या घरांपैकी त्यातल्या त्यात कमी वाईट घरात त्याला नेऊन ठेवलं. दोन चालींनी त्याचा वजीर गेला.

"अहो, परत ठेवायचा ना तो!" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

त्याने मान वर केली. तोपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. ब्रेड मागितल्यावर नुसतं "थोडं थांबा, भट्टीतून निघतोच आहे" एवढं म्हणाला होता.

"काय परत ठेवायचा?"

"घोडा. तुम्हाला उंट चालवायचा होता. फोनवर चालतं तसं. नुसता स्पर्श झाला तर सोडून देता येतं."

"येतं," तो म्हणाला. "पण हात लागला ना."

"चुकून लागला."

"चुकून लागला तरी लागला. हात लावला की चालवायचं."

"तो नियम समोरासमोर बसून खेळतात तेव्हाचा. इथे समोर कोण आहे? कोण बघतंय?"

त्याने फोनवर वाकून अगदी गंभीरपणे तपासून घेतलं.

"घोडा बघतोय की."

ती हसली. मग हसू ओठांवर तसंच राहिलं आणि तिच्या आत कुठेतरी काहीतरी एकदम शांत झालं. तिने गरम ब्रेडची पिशवी घेतली. "तोंड उघडं ठेवा पिशवीचं, नाहीतर घाम येईल त्याला," तो मागून म्हणाला. रस्त्यावर आल्यावर तिला आठवलं की सुटे पैसे घ्यायचे राहिले. ती परत गेली नाही. उद्या यायला काहीतरी निमित्त हवं होतं.

हात लावला की चालवायचं. हे वाक्य तिला इतकं का लागलं, हे कळायला तिचं काम कळायला हवं.

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्यांत दोन साइट मोठ्या होत्या. पटांच्या रंगांवरून लोक एकीला निळी म्हणत, दुसरीला करडी. ती निळीच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर बसे. संख्याशास्त्र शिकलेली. तिच्या विभागाचं नाव दारावर 'निकोप खेळ' असं होतं, पण इतर मजल्यांवरचे त्याला 'चौकी' म्हणत. चौकीचं काम एकच. खेळणारा स्वतः खेळतोय, की शेजारी बुद्धिबळ खेळणारं यंत्र उघडून त्याच्या चाली उतरवून घेतोय, हे ओळखणं.

दिवसभर तिच्यापुढून माणसं जात. शिक्षक, आजोबा, सर्जन, शाळकरी बक्षीसवाले. ना पैसे मिळणार, ना ढाल. फक्त नावापुढचा एक आकडा वाढणार, आणि तेवढ्यासाठी माणसं लबाडी करत. ती त्यांच्यावर चिडत नसे. पण कोणी बघत नसताना माणूस काय करतो, या प्रश्नाचं उत्तर तिला रोज मिळे, आणि रोज ती थोडी थोडी गप्प होत गेली होती.

आणि आज एका माणसाने जिंकलेला डाव एका घोड्याच्या शब्दासाठी सोडून दिला होता. घोडा तर बोललाही नव्हता.

"चांगला आहे ब्रेड," आत्या म्हणाली. आत्या रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. आईवडिलांच्या मागे हिला तिनेच वाढवलं होतं. "नेहमीचा नाही वाटतं?"

"नेहमीचं दुकान बंद होतं."

"बरं झालं." आत्याने तिच्याकडे थर्मामीटर बघावा तसं बघितलं. "ताप वगैरे नाही ना? उभ्या उभ्याच खातेयस."

नेहमीचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं. ती तिकडे गेलीच नाही.

बेकरीच्या दाराची काच आतल्या उबेने कायम धुरकट असे. दार ढकललं की आधी वास येई, मग तो दिसे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याने फळीखालून एक लाकडी पट काढला. घरांच्या फटीफटींत मैदा बसून काळी घरंही करडी झाली होती.

"बसा. पीठ फुगेपर्यंत एक डाव होतो."

"मी फार चांगली खेळत नाही."

"खेळ बघायची नजर मात्र पक्की आहे. त्या दिवशी उलटा डाव वाचलात. करता काय तुम्ही?"

"आकडे बघते."

"कसले?"

"माणसांचे."

"म्हणजे भविष्य सांगता?"

"नाही… भूतकाळ."

"मग बरं. आमच्या धंद्यात भविष्य भट्टीला माहीत असतं." त्याने सोंगट्या लावल्या. "तर मग आकडेबाई, पांढरे तुमचे."

त्या दिवसापासून ती आकडेबाई झाली. ती त्याला 'पाववाले' म्हणायची. सुरुवातीला चिडवायला म्हणून. नंतर ते तोंडात बसलं.

तिने घोड्याला हात लावला आणि मग तिच्या लक्षात आलं की तो हलला तर हत्ती जातो. तिने हात मागे घेतला. त्याने फक्त हाताची घडी घातली आणि छताकडे बघत राहिला, ओठ दाबून.

"चालवते आहे," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हणालो?"

"छताला सांगत होतात."

हत्ती गेला. डावही गेला. हरताना आपल्याला इतका आनंद का होतोय, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

"हे कोणी शिकवलं?" तिने विचारलं.

"आईने. ही बेकरी तिची. म्हणायची, पिठात पाणी घातलंस की ते परत डब्यात जात नाही. आता त्याचं काय चांगलं करायचं ते बघ." त्याने ओल्या फडक्याखालचं पीठ दाबून पाहिलं. बोटाचा खळगा हळूहळू भरून आला. "ती नसतानाही तसंच करतो झालं. सवय."

त्याने ते इतक्या सहज म्हटलं की तिला त्या खळग्याकडेच बघत राहावंसं वाटलं.

मग एका दुपारी साइटचा विषय निघाला. गिऱ्हाईक नसलं की तो हिशेबाच्या संगणकावर करडीवर खेळे, आणि भट्टीजवळ असला की फोनवर निळीवर.

"करडीवर मी शहाणा आहे," तो म्हणाला, "आणि निळीवर वेडा. आकड्यात केवढा फरक! अशी कशी दोन दुकानांत एकाच माणसाची दोन वजनं?"

"काटे वेगळे आहेत." ती नकळत खुर्चीत ताठ बसली. "करडीवर नवख्याला सुरुवातीलाच वरचा आकडा देतात, निळीवर खालचा. शिवाय खेळणारे वेगळे. आकडा तुमची उंची सांगत नाही, आजूबाजूच्यांपेक्षा किती उंच ते सांगतो. आत्याकडे दोन थर्मामीटर आहेत, एक सेल्सिअसचा, एक फॅरेनहाइटचा. ताप तोच."

"लबाडी कुठे जास्त?"

"सगळीकडे सारखीच. निळी पकडते आणि नावापुढे लाल खूण लावते, सगळ्यांना दिसेल अशी. करडी गुपचूप दार लावते. कोण गेलं ते कळतही नाही. निळीवर लबाड जास्त दिसतात, कारण तिथे दिवा लावलेला आहे."

"फार माहिती आहे तुम्हाला."

"…वाचते मी."

"बरं. मग खरा मी कुठला? शहाणा की वेडा?"

"दोन्ही मोजमापंच. खरे तुम्ही मधे कुठेतरी."

"मधे म्हणजे," त्याने दोन्ही तळवे लाकडावर ठेवले, "या काउंटरवर?"

ती घाईने उठली. निघताना पायरीवर तिचा पाय घसरला, आणि त्याने तिचा दंड धरून सावरलं.

घरी आत्याने तिच्या गडद निळ्या बाहीकडे बघितलं. "हे काय गं? पाच बोटं?"

"मैदा लागला असेल."

"मैद्याला अंगठाही आहे." आत्या शांतपणे भाजी चिरत राहिली. "हाताची ठेवण चांगली आहे. कामाचा माणूस दिसतो."

दोन दिवसांनी ती बेकरीत शिरली तेव्हा त्याचे डोळे हसत होते.

"आकडेबाई, एक विचारू? रोज एवढा ब्रेड नेता. घरात माणसं दोन. खातं कोण?"

"आत्या."

"आत्या तर म्हणाल्या, कबुतरं खातात."

"आत्या… इथे आली होती?"

"बिस्किटं घ्यायला. नाडी तपासल्यासारखं बघून गेल्या मला. जीभ दाखवा म्हणायचंच बाकी होतं." मग त्याचं हसू हळूहळू विरलं, पण नजर हलली नाही. "मला आणखीही काही विचारायचं आहे. पण ते तुम्हाला कळलेलं आहे, असं मला वाटतं. म्हणून एवढंच म्हणतो, चाल तुमची आहे. घड्याळ लावलेलं नाही."

दाराची काच धुरकट होती. बाहेरून कुणी छत्री झटकत होतं. 

"मला… जरा वेळ लागतो," ती म्हणाली.

"ब्रेडलाही लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत तिने आलेल्या प्रकरणांपैकी पहिलं उघडलं. खात्याचं नाव होतं, 'गरमागरम'.

हे नाव तिने पीठ लागलेल्या एका फोनवर कित्येकदा उलटं वाचलं होतं.

चौकीच्या यंत्राने कारण लिहिलं होतं. खेळाडूच्या बऱ्याच चाली अव्वल. अधूनमधून मात्र एखादी चाल इतकी वेडीवाकडी की त्या पातळीचा खेळाडू ती करणारच नाही. याच नावाचा करडीवरचा आकडा पुष्कळ वरचा, दोन काट्यांमधला नेहमीचा फरक धरूनही. निष्कर्ष सोपा होता. यंत्राची मदत घेतो, संशय येऊ नये म्हणून मधेच मुद्दाम चुका करतो. अशी माणसं तिने स्वतः पकडली होती. हा नमुना चौकीच्या यंत्राला शिकवला होता तोही तिनेच.

चौकीचा नियम स्पष्ट होता. खेळाडू ओळखीचा निघाला तर तसं सांगायचं आणि प्रकरण दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचं. तिने पलीकडे पाहिलं. विभागप्रमुख चहा ढवळत होते. केस पार पिकल्यामुळे सगळी कचेरी त्यांना 'काका' म्हणत असे. ते विचारणार, ओळख म्हणजे कसली ओळख? आणि तिला सांगावं लागणार. जे अजून त्यालाही सांगितलेलं नव्हतं, ते.

उद्या सांगू, असं म्हणून तिने प्रकरण स्वतःकडेच ठेवलं. हात लागला होता आणि ती चालवत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले असताना तिला एक गोष्ट आठवली. फोनवरचा पट ज्यांनी आखला त्या मंडळींनी, घरं केवढी असावीत हे ठरवायला, एक नोंद ठेवली होती. बोट कुठल्या सोंगटीवर पडलं, आणि मग ती हलवली की सोडून दिली. चौकीतल्या कुणाला त्याचं काही काम पडत नसे. तिने 'गरमागरम'ची नोंद मागवली.

आधी तिने इतरांची पाहिली. सगळेच सोंगट्यांना हात लावून सोडत होते. लाखो माणसं, लाखो बोटं, रोज. चाचपडत, थबकत, मत बदलत. त्यात वाईट काही नव्हतं. साइटची मुभाच होती. मग तिने त्याच्या ओळीवर नजर आणली. कित्येक वर्षांचे डाव. हलवलेल्या सोंगट्यांचा आकडा प्रचंड. सोडून दिलेल्या—

शून्य.

तिने पुन्हा पाहिलं. नोंदीत गडबड असेल म्हणून दुसऱ्या मार्गाने काढून पाहिलं. शून्य. ज्या ज्या चालीला यंत्राने 'मुद्दाम केलेली चूक' म्हटलं होतं, त्या प्रत्येक ठिकाणी बोट जी सोंगटी चालवायला हवी तिच्या अगदी शेजारच्या घरात पडलेलं होतं. पीठ लागलेलं, जाड, प्रामाणिक बोट. संगणकावर माऊस असतो, तिथे बोट घसरत नाही. म्हणून करडीवर तो शहाणा होता. सगळं जागच्या जागी बसलं.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. शाळेत असताना एकदा सूक्ष्मदर्शकातून तिने कांद्याची पेशी पाहिली होती आणि तिला बोलताच येईना, बाई म्हणाल्या होत्या, काय झालं गं? आज तसंच झालं. आकाशातल्या ताऱ्यांची अंतरं तिने शिकली होती, अणूच्या आतली पोकळी शिकली होती, पण इतकं थक्क तिला कशाने केलं नव्हतं. वर्षानुवर्षं, एकटा, भट्टीच्या उजेडात, कुणी बघत नसताना. कुणाला कधी कळणारही नव्हतं. त्याने स्वतःही ते मोजलं नसणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरचं शून्य लांबट झालं.

आता प्रकरण बंद करणं सोपं होतं. 'निर्दोष' लिहायचं की झालं. तिचा हात तिथपर्यंत गेलाही. पण लिहिणारी कोण? संख्याशास्त्रज्ञ, की जिच्या बाहीवर पाच बोटं उमटली होती ती? पुरावा खरा होता. ती मात्र त्याच्या बाजूने उभी होती. तिने हात मागे घेतला. पुन्हा.

तोवर त्याच्या नावापुढे पिवळी खूण लागली होती, 'तपासणी चालू'.

"बघितलंत?" काउंटरवरून त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न होता. "मी लबाड आहे म्हणे."

"तपासणी चालू आहे, एवढंच लिहिलंय…"

"लोक तेवढं वाचत नाहीत. पलीकडच्या शाळेत मुलांना बुद्धिबळ शिकवायला बोलावलं होतं मला. मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या होत्या. आई गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी शिकवा म्हणालं." तो ट्रे पुसत होता, पुसलेलाच ट्रे. "एका पालकाने ही खूण पाहिली. बाई भल्या आहेत. म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत निकाल लागला तर बघू, नाहीतर दुसरं कुणी शोधावं लागेल. मुलांना हात लावला की चालवायचं शिकवणार होतो, आणि मीच…"

"तुम्ही दाद मागितली का?"

"मागितली. शुक्रवारी दुपारी पडद्यावर बोलावलंय. त्यांना काय, एक बटण दाबायचं असतं."

"कदाचित…" ती थांबली. "कदाचित ते बटण दाबणाऱ्याचाही जीव वरखाली होत असेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

हीच ती जागा होती. तिने तोंड उघडलं. दार ढकलून एक बाई दोन मुलांसकट आत आल्या, मुलांनी केकच्या काचेला नाकं लावली, आणि तो तिकडे वळला. ती ब्रेड न घेताच बाहेर पडली.

आत्याने रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग तिने सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, सलग.

"म्हणजे प्रकरण दुसऱ्याकडे दिलंस की ओळख सांगावी लागणार," आत्या म्हणाली, "आणि स्वतःकडे ठेवलंस तर निकाल देता यायचा नाही."

"हो."

"म्हणून दोन्ही नाही. वा! एवढी शिकलीस ती यासाठी?" तिने हिच्या केसांवरून हात फिरवला. "अगं, रोग कळल्यावर कुणी इतके दिवस नुसता तक्ता बघत बसतं का?"

शुक्रवारी दुपारी चौकीच्या लांब टेबलाशी तिघं बसली होती. मधे काका, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला त्यांचा एक डावखुरा सहकारी, जो प्रत्येक गोष्टीवर आधी शंका घेई. पडदा उजळला. मागे भट्टी, फळीवर ट्रे, आणि पुढे तो. स्वच्छ शर्ट घातलेला, केस नीट विंचरलेले. गालावर मात्र मैदा राहून गेला होता.

त्याने काकांना नमस्कार केला. सहकाऱ्याला केला. मग त्याची नजर तिच्यावर आली.

त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते तिने सगळं पाहिलं. ओळख, आश्चर्य, आणि मग ते सगळे दिवस मागे जात जात तपासणं. 'वाचते मी'. 'आकडे बघते'. त्याने ओळख दाखवली नाही. तिला अडचणीत आणायचं नाही, एवढंच त्याने ठरवलेलं दिसत होतं. त्याने तिलाही नमस्कार केला, परक्याला करावा तसा.

त्याने तिचंच रक्षण करावं, हे तिला सोसवेना.

"काका," ती म्हणाली, "निकालाआधी एक नोंद बघा. मी काही सांगत नाही, तुम्हीच उघडा. पट आखणाऱ्यांकडची, स्पर्शाची."

काकांनी उघडली. सहकारी वाकला.  "हे चुकीचं असणार," सहकारी म्हणाला. त्याने दुसऱ्या मार्गाने काढून पाहिलं, मग तिसऱ्या. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"एकदाही नाही?" काकांनी पडद्यातल्या माणसाला विचारलं. त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली आला होता. "कधीच सोडली नाहीत सोंगटी? का?"

तो गोंधळला. असं कुणी मोजत असेल, हे त्याला सुचलंच नव्हतं.

"हात लागला की…" तो म्हणाला. "चालवायला नको का?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीस वर्षं शाळांच्या स्पर्धांत पंचगिरी केलेला माणूस तो. "पोरी," ते तिला म्हणाले, "प्रकरण तुझ्याकडचं आहे. आता उरलंय काय? एक शब्द सांग म्हणजे संपलं."

एक शब्द. तो खराही होता. तो उच्चारला तर शाळा मिळेल, खूण जाईल, आणि इथे कुणालाही काही कळणार नाही. पडद्यातला माणूस तोंडातून अवाक्षर काढणार नाही. कोण बघत होतं?

टेबलाच्या कडेवर तिचा हात होता. तिने तो मागे घेतला नाही.

"तो शब्द मी सांगू शकत नाही, काका. तुम्ही सांगा. मी या खुर्चीवर बसायलाच नको होतं. पहिल्या दिवशीच प्रकरण पुढे सरकवायला हवं होतं, मी दडवून ठेवलं."

"का?" सहकारी ताठ झाला. "खेळाडू ओळखीचा आहे?"

"हो."

"कितपत?"

तिने काकांकडे पाहिलं नाही, सहकाऱ्याकडेही नाही. पडद्यातल्या मैदा लागलेल्या त्या गालाकडे पाहिलं. तिथे तो श्वास रोखून उभा होता, बोट पडद्यापासून तांदळाच्या दाण्याएवढं वर थांबावं तसा.

"चाल माझी होती," ती म्हणाली.  "कधीपासूनची. मी या माणसाशी लग्न करणार आहे. त्याला अजून हे ठाऊक नाही… म्हणजे आत्तापर्यंत नव्हतं. पण हात तर केव्हाच लागला होता, काका. आता चालवते."